मदत हवी आहे : अमळनेरच्या जुन्या घराचा विमा किती रकमेचा काढावा?

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमचं वडिलोपार्जित घर आहे. पुढचा भाग सागवानी खांबांचा, धाब्याचा (म्हणजे वर मातीचं सपाट छत). मागच्या दोन खोल्या २००८ च्या, स्लॅबच्या. एजंट बाजारभावाइतका, ६० लाखांचा विमा काढा म्हणतो. पण त्यात निम्मी किंमत जागेची आहे, ती कशाला धरायची? भारत गृह रक्षा पॉलिसीत चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर, अशी रक्कम काढतात. वर्षाला १० टक्के वाढ आपोआप मिळते, हेही कळलं.

अडलंय ते दरावर. स्लॅबचा दर कोणीही मिस्त्री सांगेल, पण धाब्याचं काय? तसं सागवान आता परवडत नाही, आणि आई त्याच भागात राहते, म्हणून जीव लागून राहतो. पुन्हा बांधायचं तर दर सागवानाचा लावायचा की स्लॅबचा? जळगाव-धुळ्याकडे कुणी इंजिनिअरकडून असं मूल्यांकन करून घेतलंय का? चौरस फुटाला किती धरले, कृपया सांगा.