एअर फ्रायरमध्ये बासा फिले : खाली पाणी साचतं, रवा जाळीला चिकटतो. काय चुकतंय?

सदर_किचन
बास्केटचा ४ लिटरचा एअर फ्रायर, १५०० वॉट. मासोळी म्हणजे गोठवलेले बासा फिले, ५०० ग्रॅमच्या पाकिटात ४ नग. सध्याची पद्धत अशी : पाकीट ओट्यावर ठेवून बर्फ सुटू द्यायचा, मग आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, एका लिंबाचा रस आणि २ चमचे दही लावून तासभर मुरवायचं, रव्यात घोळवायचं आणि चारही नग एकदम १८० डिग्रीवर १५ मिनिटं.

निकाल : ड्रॉवरमध्ये पाणी, रवा ओला, उलटताना निम्मा रवा जाळीवरच राहतो. शेपटीकडचं टोक वातड आणि मधला जाड भाग लिबलिबीत.

ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात ताटात पडेल असं हवं आहे. तापमान वाढवायचं की वेळ? आणि बासाऐवजी रोहू घेऊन सावजी मसाला लावला तर जमेल का?


कोरडा_रवा
तापमानाचं नंतर पाहू, आधी पाण्याचं. एअर फ्रायर तळत नाही, तो पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे. वरचं पाणी उडून जाईपर्यंत माशाचा पृष्ठभाग १०० डिग्रीच्या फार पुढे सरकत नाही, आणि रवा लाल व्हायला त्याहून बरंच जास्त लागतं. कढईतलं तेल हे काम काही सेकंदांत उरकतं. हवेला मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात मासा आतून शिजून मोकळा होतो.

तुमच्याकडे पाणी चार वाटांनी येतंय. गोठवलेल्या फिलेवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, तो वितळतो. पाकिटावरच्या घटकांत ४५१ किंवा ४५२ हे आकडे दिसले तर माशाला फॉस्फेटचं पाणी पाजलेलं आहे, ते तापल्यावर सुटतं. तिसरं, दही. चौथं म्हणजे तासभर लागलेलं मीठ. त्यात लिंबू आणखी वेगळा घोळ करतं : आंबटामुळे वरचा थर आधीच पांढरा पडून भुसभुशीत होतो. बासासारख्या मऊ माशाला एक तास फारच झाला. रवा अशा थराला धरत नाही, म्हणून तो उलटताना सालीसारखा सुटतो.

असं करून पाहा. ५०० ग्रॅमला सपाट १ लहान चमचा मीठ चोळून १५ मिनिटं फ्रिजमध्ये. सुटलेलं पाणी ओतून द्या आणि कागदी नॅपकिनने दोन्ही बाजू दाबून दाबून टिपा. बोट लावलं की कोरडं लागलं पाहिजे. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. मग पाणी न घालता वाटलेलं आलं-लसूण १ चमचा, तिखट १ चमचा, हळद पाव चमचा आणि तेल २ चमचे एकत्र करून पातळ लावा. दही नाही. लिंबू ताटात पिळा.

बारीक रवा अर्धी वाटी आणि तांदळाचं पीठ २ मोठे चमचे. नुसतं घोळवू नका, तळहाताने दाबा आणि ५ मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे रवा ओल शोषून धरतो. तेवढ्या वेळात मशीन २०० डिग्रीवर ४ मिनिटं रिकामं तापवा. गरम जाळीला ब्रशने तेल, मग मासा, मग रव्यावरही ब्रशने तेलाचा हलका हात. जिथे तेल लागत नाही तिथे पीठ कच्चं आणि पांढरं राहतं. डब्यातले तेलाचे फवारे टाळा. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर जाळीच्या लेपावर बसतो आणि पुढे निघत नाही.

४ लिटरच्या जाळीत दोन नग, फार तर तीन. दोहोंत एक बोट जागा. चारही एकदम टाकले की हवा फिरत नाही आणि मासा वाफेवर शिजतो. शेपटीकडचं पातळ टोक खाली दुमडा, वातडपणा तिथेच संपतो.

वेळ जाडीवर ठरते, वजनावर नाही. २०० डिग्रीवर १ सेंमी जाड असेल तर ६-७ मिनिटं, दीड-दोन सेंमीला ९-१०, अडीच सेंमीच्या सुरमईला १०-१२. सहाव्या मिनिटाला एकदा उलटा, त्याआधी हातही लावू नका. पापुद्रा धरला की मासा जाळी आपोआप सोडतो. रवा नसलेला नुसता मसाल्याचा फिले उलटूच नका, बासा मधोमध तुटतो. दुसरी खेप मशीन तापलेलं असल्याने मिनिटभर आधी होते.

थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड जागी ६३ डिग्री. नसेल तर सुरीचं टोक खुपसून किंचित पिळा : पाकळ्या सुटल्या आणि आतला काचेसारखा पारदर्शकपणा गेला की झालं. त्यापुढची दोन मिनिटंही बासाला दोरी करून टाकतात.


फेज_न्यूट्रल
वरची वेळ २३० व्होल्ट धरून आहे. नागपुरात एप्रिल-मेच्या संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी चालू असतात तेव्हा काही भागांत व्होल्टेज २००च्या आसपास येतं. तापणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे १५०० वॉटचं मशीन २०० व्होल्टवर जेमतेम ११३० वॉट देतं. पडद्यावर २०० डिग्री लिहिलेलं असलं तरी मशीन तिथे उशिरा पोचतं आणि थंड मासा टाकल्यावर सावरायलाही वेळ घेतं. अशा दिवशी ४ ऐवजी ६-७ मिनिटं तापवा आणि एका खेपेत दोनच नग.

दुसरं, १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. हे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर किंवा मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. गीझरसारखं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. प्लगच्या पिना गरम लागत असतील तर सॉकेट सैल झालंय, माशाआधी ते बदला.


वैनगंगा_काठ
रोहूचं मी सांगतो. रोहूचे फिले निघतात, पण काटे निघत नाहीत जी. रोहू, कतला, मिरगल, तिन्हींच्या मांसात वाय आकाराचे बारीक काटे असतात, ते कण्याला जोडलेलेच नसतात. म्हणून इकडे कोणी रोहूचा बिनकाट्याचा तुकडा मागत नाही, गोल काप घेतात. एअर फ्रायरमध्ये काप छान होतात, उलट काट्यामुळे तुटत नाहीत. दीड-दोन सेंमी जाड, कातडी ठेवून, २०० वर १२ ते १४ मिनिटं, सातव्या मिनिटाला उलटायचे. पोटाकडचा भाग तेलकट असतो, तो आधी होतो.

बिनकाट्याचंच पाहिजे तर मरळ घ्या. मांसात बारीक काटे फार कमी, बासापेक्षा घट्ट, पाणी सोडत नाही, अन् रवा पक्का बसतो. नागपूरच्या मंगळवारी बाजारात जिवंत मिळते, सोलून फिले काढून मागा. भाव चढा असतो अन् डोकं-कण्यात बरंच वजन जातं, तरी कण्याचा रस्सा होतोच. चिलापीही चालते, तिचे फिले पातळ निघतात, ७ मिनिटांत काम संपलं. गोड्या पाण्याची मासोळी अर्धकच्ची मात्र ठेवायची नाही, तिच्यात परजीवी असू शकतात. समुद्राची सुरमई इथवर बर्फात ८०० किलोमीटर येते. कल्ला लाल अन् दाबलेलं मांस परत वर येत असेल तरच घ्या.

आता सावजी. तो मसाला आधीच काळपट भाजलेला असतो. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं भाजून झालेलं. कोरडा तसाच माशावर थापून २०० वर ठेवला की पंख्याच्या झोतात पाचव्या मिनिटाला करपते अन् कडू होते. शिवाय बारीक पूड उडून कॉइलवर बसते, मग धूर. अन् खरं सांगायचं तर सावजीची चव तर्रीत आहे राजेहो, जाळीवर तर्री कुठून येणार? मासोळी हळद-मीठ-आलं-लसणावर कोरडी काढा, तर्री वेगळी कढईत करा, ताटात वरून ओता. मसाला माशावरच पाहिजे तर तो तेलात कालवून शेवटच्या ३ मिनिटांत ब्रशने लावा, तापमान १७० वर आणून.


सदर_किचन
पाणी टिपायचं राहत होतं, हे आत्ता लक्षात आलं. एक शंका उरली : बर्फ सुटायलाच दीड तास जातो. गोठलेला फिले थेट टाकता येतो का? आणि ओट्यावर ठेवणं चुकीचं आहे का?


कोरडा_रवा
थेट टाकता येतो, पण रव्याशिवाय. २०० डिग्रीवर ५ मिनिटं नुसते फिले ठेवा, बाहेर काढा, ड्रॉवरमधलं पाणी ओता, फिले टिपा, मग तेलात कालवलेला मसाला लावून आणखी ८-१० मिनिटं. कुरकुरीत होणार नाही, पण भाकरीबरोबर खायला उत्तम. रवा हवा असेल तर बर्फ आधी सुटलाच पाहिजे.

त्यासाठी सकाळी निघताना पाकीट फ्रिजच्या खालच्या खणात ताटलीत ठेवा. विसरलात तर फिले झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवा. अर्ध्या तासात सुटतात, मध्ये एकदा पाणी बदला. गरम पाणी नको, कडा शिजतात आणि आत बर्फच राहतो. पाकीट हवा काढून बंद केलेलं असेल तर सुटायला ठेवण्याआधी ते कापून मोकळं करा. हवेविना वाढणारे काही जिवाणू थंडीतही वाढतात.

ओट्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात नकोच. ३२ डिग्रीच्या वर कच्च्या माशाला बाहेर एक तास ही हद्द मानतात, आणि मे महिन्यात स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी वर असतं. बाजारातून आणतानाही पिशवीत बर्फ टाकून घ्या.


चिमटा_आणि_जाळी
आधी तापवणं मला तितकंसं गरजेचं वाटत नाही. थंड मशीनमध्ये टाकून ३ मिनिटं जास्त दिली तरी मसाल्याचा साधा फिले सारखाच होतो. रव्याच्या बाबतीत मात्र मान्य, गरम जाळी नसेल तर चिकटतो.

ज्यांना चिकटण्याची फारच भीती आहे त्यांनी भोकं पाडलेला बटर पेपर वापरावा. तो मासा ठेवतानाच घालायचा, रिकाम्या मशीनमध्ये तापवताना नाही. वजन नसलेला कागद पंख्याने उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. जाळीभर अॅल्युमिनियमची पन्नी तर अजिबात नको, खालून हवा बंद होते आणि पुन्हा तोच ओला रवा. ड्रॉवरमध्ये पाणी घालायचा सल्ला फिरतो, तो चरबीच्या मटणासाठी आहे. माशाला वाफ कशाला द्यायची?

वासासाठी : मशीन कोमट असतानाच जाळी आणि ड्रॉवर साबणाच्या पाण्यात टाका, घासायला मऊ स्पंज. त्यानेही वास राहिला तर तो वरच्या कॉइलवर उडालेल्या तेलाचा असतो. प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, मशीन उलटं करून ओल्या फडक्याने कॉइल पुसा. तसं न करता दुसऱ्या दिवशी त्यात केक ठेवला तर केकला बासाचा वास येणारच.