सल्ला हवा: बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा, शाळा म्हणते एडीएचडी

काजूकतली:
मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. माझं बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, म्हणून ३२व्या आठवड्यात सिझर. वजन १४२० ग्रॅम, २६ दिवस काचेच्या पेटीत. चालला-बोलला जरा उशिरा, पण सुरळीत. आता वहीत पहिल्या तीन ओळी मोत्यासारख्या, चौथीपासून अक्षर रेघ सोडून पळतं. डबा अर्धा परत. बाई म्हणाल्या, "एडीएचडी आहे (लक्ष न टिकणं, चंचलपणा), दाखवून घ्या." घरी कॅरमवर मात्र दीड दीड तास बसतो! सासूबाईंच्या मते मुलगे असेच असतात. मला रात्री एकच सुचतं, सातव्या महिन्यापर्यंत स्कूटरवरून बँकेत जायचे, त्याचं तर नाही ना? साताऱ्यात राहतो, पुण्याला येऊ शकतो. कुणाकडे जावं?

मीठमिरची:
आधी डोळे आणि कान. पेटीतल्या बाळांचं हे राहून जातं. माझ्या भाचीने 'लक्ष नाही' म्हणून वर्षभर ओरडा खाल्ला, निघाला चष्मा.

वडाची_पारंबी:
माझा थोरला ३० आठवड्यांचा, त्यामुळे या वाटेने गेलोय. स्कूटर डोक्यातून काढा. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे तुमचं ते बीपी वाढून प्रोटीन जाणं, स्कूटरने होत नाही.
फार लवकर जन्मलेल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांत एडीएचडीचं प्रमाण इतरांच्या दोन-तीन पट दिसतं, हे खरं. तरी त्यातल्या बहुतेक मुलांना तो नसतो. आणि मुलामुलांत जो फरक दिसतो त्यात ढोबळमानाने पाऊण वाटा आनुवंशिकतेचा. नवऱ्याचं प्रगतिपुस्तक काढून बघा, गंमत म्हणून नव्हे.
लवकर जन्मलेल्या मुलांत एडीएचडी असला तर धावपळीपेक्षा हरवल्यासारखं बसणं जास्त असतं, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते ८९ मधली दोन किलोच्या आतली बाळं पुढे कित्येक वर्षं तपासली. बाराव्या वर्षी त्यांच्यात गणितासारख्या विषयांत अडचणी जास्त दिसल्या. तेव्हा शिकण्यातली अडचणही तपासून घ्या, नुसतं 'लक्ष' नको.
बाई सुचवू शकतात, निदान डॉक्टरच करतात. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी लागतात. कॅरममुळे एडीएचडी बाद होत नाही, आवडीच्या गोष्टीत ही मुलं चिकटून बसतात.
डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) गाठा. केईएममध्ये बालविकास केंद्र आहे. त्याआधी साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) चौकशी करा, खर्च नाही.

काजूकतली:
प्रगतिपुस्तक नाही मिळालं, पण सासूबाईच म्हणाल्या, "हाही शाळेत तीन छत्र्या हरवायचा, दरवर्षी." नवरा गप्प. गोळ्या लगेच सुरू करतात का? त्याची धास्ती आहे.

वडाची_पारंबी:
लगेच नाही. आमच्याकडे आधी पालकांचं शिकणं झालं: एका वेळी एकच सूचना, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे, पुढच्या बाकावर जागा. पुढे मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचं औषध, लागलं. भूक कमी होते, म्हणून उंची-वजन दर वेळी नोंदवतात. तुमच्याकडे डबा आत्ताच अर्धा परत येतोय, हे डॉक्टरांना नक्की सांगा. झोप आणि घोरणंही विचारतील.

मीठमिरची:
जाताना पेटीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या. पहिला प्रश्न तोच असतो.

काजूकतली:
सापडलं, बारशाच्या साड्यांच्या घडीत. त्यावर डोळ्यांची तपासणी 'चार आठवड्यांनी' लिहिलंय. केली होती का, आठवत नाही. उद्या डोळ्यांचीच अपॉइंटमेंट घेते.