'कनिंग' हा शब्द कोरियन मुलाला कसा शिकवू? (मदत हवी आहे, अर्जंट)

मीठभाकर: उद्या पाचला शिकवणी आहे, पटकन सांगा. मुलगा 'कनिंग' सारखा चुकीचा वापरतो. तीनदा समजावलं, कोल्ह्याचं चित्र दाखवलं. मान डोलावतो आणि परत तेच.

वाटसरू७: चुकीचा म्हणजे कसा? उच्चार की अर्थ? वाक्य तरी द्या. केवढा आहे?

उकडीचे: फ्लॅशकार्ड करा, रोज दहा. माझा भाचा तसाच शिकला.

वाटसरू७: भाचा कोरियन आहे का?

मीठभाकर: सातवीत आहे, वडील चाकणला नोकरीला. वाक्य: 'माय फ्रेंड डिड कनिंग इन मॅथ टेस्ट.' मित्र लबाड असेल, पण 'डिड' कशाला?

सोलकर: अहो ताई, त्यांच्याकडे 'खॉनिंग' म्हणजे परीक्षेतली कॉपी! शब्द मूळ इंग्रजीच, जपानीतून तिकडे गेला आणि वाटेत अर्थ बदलला. तुमचा कोल्हा त्याच्या लेखी चिठ्ठ्या घेऊन पेपरला बसलाय. असे ढीगभर आहेत. 'नोटबुक' म्हणजे लॅपटॉप, 'हँडफोन' म्हणजे मोबाइल, आणि हॉटेलवाल्याने 'सर्व्हिस' म्हणत काही आणून ठेवलं तर ते फुकट असतं. मी पहिल्यांदा घाबरून परत केलं होतं. त्याला सांगा, तुझा शब्द कोरियनमध्ये बरोबर, इंग्रजीत 'चीटिंग' म्हण.

पुणेरी_चष्मा: असलं मोडकं इंग्रजी गोंजारायचं कशाला? चूक ती चूक.

सोलकर: आणि आपण बोर्डाच्या परीक्षेत 'कॉपी' करतो ती? कॉपीमुक्त अभियान इंग्रजाला समजावून दाखवा. त्यांचे 'स्किनशिप' (मायेचा स्पर्श) आणि 'फाइटिंग' (म्हणजे 'लढ बाप्पू!') तर 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात गेले.

पुणेरी_चष्मा: कोशात शिव्याही असतात.

उकडीचे: फ्लॅशकार्डवर दोन्ही अर्थ लिहिता येतील.

मीठभाकर: आत्ता फोन करून म्हटलं, 'नॉट कनिंग, से कॉपी.' म्हणाला, 'आय डोन्ट ड्रिंक.'

सोलकर: 😂 त्यांच्याकडे 'फ' नाही, 'प'वर भागवतात. कॉफीला 'खॉपी' म्हणतात. मी 'चीटिंग' सांगितलं होतं, 'कॉपी' नाही!

मीठभाकर: घाईत वाचलं. बरं, मग कोल्ह्याचं काय करू?

सोलकर: कोल्ह्याला तूर्तास 'स्लाय' म्हणा. 'कनिंग' महिनाभराने काढा.

शेंगदाणा_कूट: चाकणला कोरियन लोक आहेत म्हणजे तिकडे किमची मिळत असेल ना? दुकान कुठे आहे? घरी केली तर आठवड्यात भलतीच आंबते.