इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडने १९६८ लाच थांबायला हवं होतं

झिलकरी
रॉबिन विल्यमसन, माइक हेरन आणि क्लाइव्ह पामर या तिघांचा हा स्कॉटलंडचा लोकसंगीताचा बँड, पहिला अल्बम १९६६ चा. तो निघाला आणि पामर अफगाणिस्तान-भारताच्या वाटेला लागला, विल्यमसन मोरोक्कोला गेला आणि वाद्यांचं बोचकं घेऊन एडिनबराला परतला. मग त्याने आणि हेरनने मिळून १९६७ मध्ये 'फाइव्ह थाउजंड स्पिरिट्स', मार्च १९६८ मध्ये 'हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' आणि त्याच वर्षी 'वी टॅम अँड द बिग ह्यूज' हा जोडअल्बम काढला. 'हँगमन' तर ब्रिटनच्या अल्बमखपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. अमिबावर गाणी लिहिणारी माणसं, आणि पाचवा क्रमांक!

माझ्या लेखी बँड तिथेच संपला. १९६८ सरता सरता मंडळी सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या नादी लागली. नशा सुटली हे चांगलंच झालं, पण खट्याळपणाही गेला आणि गाण्यांत प्रवचन शिरलं. बँड मोडला थेट १९७४ मध्ये. मधली वर्षं केवळ गाडा ओढला. ज्यांना पटत नसेल त्यांनी १९७० नंतरचं एक तरी गाणं पुढे करावं.

जवारी
मला तर १९६८ आधीचंही फारसं पचत नाही. गिंब्री हे मोरोक्कोचं छेडून वाजवायचं वाद्य. विल्यमसन ते गजाने घासतो, आणि सगळे म्हणतात वा! हेरन 'हँगमन'मध्ये सतार वाजवतो म्हणे. हातात सतार असणं आणि ती वाजणं यांत फरक आहे. विल्यमसनचा गळा सुरावरून सुरावर घसरतो त्याला भाबडे लोक मींड समजतात. मींडेला मुक्कामाचा सूर ठाऊक असतो, हा वाटेत शोधत असतो.

रात्रपाळी
जवारीबुवा, 'फाइव्ह थाउजंड'मधलं 'मॅड हॅटर्स साँग' पुन्हा ऐका. त्यात सतार-तंबोऱ्यापुढे 'सोमा' असं नाव आहे. हे सोमा म्हणजे नझीर जयराजभॉय, मुंबईच्या कुटुंबातले, पुढे उत्तर भारतीय रागांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे संगीतशास्त्रज्ञ. म्हणजे जाणकार कुणाला म्हणतात हे पोरांना कळत होतं.

झिलकरी, तुमच्यासाठी 'डार्लिंग बेल', १९७१, 'लिक्विड अॅक्रोबॅट'मधलं शेवटचं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली माणसं आहेत, पात्रं आळीपाळीने गातात. यात प्रवचन कुठे आहे ते दाखवा.

झिलकरी
'डार्लिंग बेल' दिलं तुम्हाला. पण डझनभर अल्बमांत असे तुकडे वेचत बसायचं का? १९७० चा 'यू' आठवा. लंडनच्या राउंडहाउसमध्ये आणि न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये नाचासकट मोठा सोहळा. 'स्टोन मंकी' नावाचा नाचणाऱ्यांचा चमू, मुखवटे, पोशाख. हौशी नाट्यमंडळाने उत्साहात तीन अंकांची पाच अंकी करावी तसं झालं.

आणि वुडस्टॉक, अमेरिकेतला तो प्रचंड खुला संगीतमहोत्सव! १९६९, शुक्रवारची रात्र, पाऊस. विजेची वाद्यं भिजतील म्हणून यांनी मंचावर जायचं नाकारलं. निर्माता जो बॉइड म्हणत होता, साध्या गिटारी घ्या आणि गा. ऐकलं नाही. त्या जागी मेलनी ही गायिका गायली आणि एका रात्रीत नावारूपाला आली. यांना मिळाली शनिवारची दुपार, कॅन्ड हीट या बँडची वाट बघत बसलेल्या उन्हातल्या गर्दीसमोर. महोत्सवावरच्या चित्रपटातही दिसले नाहीत.

ओटीवरची_मावशी
अरे, ओल्या मंचावर विजेचा झटका बसला असता तर तुमचा वाद तेव्हाच मिटला असता! जीव सांभाळला म्हणून कारकीर्द बुडवली हा न्याय मला कळत नाही. शिवाय शनिवारी त्यांनी बहुतेक नवीनच गाणी गायली. गर्दी खूश करायची असती तर जुनी ठेवणीतली काढली असती.

आणखी एक. टोरांटोत माझ्या योगवर्गात कुंडलिनीवाल्या बाई शेवटी सगळ्यांना डोळे मिटून एक आशीर्वादाचं गाणं म्हणायला लावतात, सूर्याचा उजेड दीर्घकाळ तुमच्यावर राहो अशा अर्थाचं. वर्गातल्या बायकांना ते जुनं शीख भजन वाटतं! ते हेरनच्या तेरा मिनिटांच्या 'अ व्हेरी सेल्युलर साँग'चं शेपूट आहे. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

झिलकरी
मावशी, ते गाणं १९६८ चंच. माझ्याच पारड्यात पडलं की!

जवारी
आणि त्याच गाण्यात बहामाच्या पिंडर कुटुंबाचं भजन घेतलंय. हे सगळीकडून उचलतात.

रात्रपाळी
उचललं तर उचललं. उधारीवर चालत नाही असं एक तरी लोकगीत दाखवा.

झिलकरी, तुम्ही बँडचं आयुष्य १९७४ ला संपवता. विल्यमसन थांबलाच नाही. अमेरिकेत 'मेरी बँड' काढला, वीणेसारखं मांडीवर नव्हे तर उभं धरायचं हार्प शिकला, कथा सांगत हिंडला, आणि २००० मध्ये ईसीएमसारख्या चोखंदळ कंपनीने त्याचा अल्बम काढला. १९६८ ला दुकान बंद केलं असतं तर हा माणूस तयार कुठे झाला असता? फसण्यासाठी काही वर्षं लागतातच. जवारीबुवांच्या गिंब्रीला तर लागलीच असती.

झिलकरी
विल्यमसनबद्दल भांडण नाही, बँडबद्दल आहे. १९९९ मध्ये तिघे पुन्हा जमले, पामरसुद्धा. २००३ मध्ये विल्यमसन बाहेर पडला. राहिलेल्यांनी नावाच्या शेपटाला '२००३' जोडून दौरे चालू ठेवले, पुढची दोन-तीन वर्षं! तारीख लावून विकायला ते काय दुधाचं पाकीट आहे?

ओटीवरची_मावशी
हो, पण तिकीट मिळालं असतं तर मी गेले असते. आणि तूही.