मदत हवी आहे: फेरीबोटीच्या मॉडेलचे रेझिनचे भाग आतून फसफसतायत

नमस्कार मंडळी. दाभोळ-धोपावे मार्गावर गाड्या नेतात तशा फेरीबोटीचं १:७२ मापाचं मॉडेल नाशिकला घरीच करतोय. सांगाडा प्लायचा, तो तयार आहे. दोर बांधायचे खुंट, बाजूला टांगलेले टायर, लाइफबॉय (बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं) हे भाग सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून काढतो.

मे महिन्यात बारा टायर सुरेख उतरले, रबरावरची नक्षीसुद्धा जशीच्या तशी. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच साच्यातला टायर मोडून पाहिला की आत पावासारखी जाळी! नुसते वरवरचे बुडबुडे असते तर पुट्टीने भरले असते.

लाकडी काडी आणि कागदी कप ओलावा धरतात म्हणून स्टीलचा चमचा आणि प्लास्टिकचा कप घेतला. साच्याला टाल्कम पावडर लावली, हवा निघायला चिरा पाडल्या, बारीक धारेने ओतलं. रेझिन आणि हार्डनर (त्याला घट्ट करणारं दुसऱ्या बाटलीतलं रसायन) काट्यावर मोजूनच घेतो. तरी तेच. बाटल्या मे महिन्यातच उघडलेल्या आहेत.

बुडबुडे ओढून काढायला व्हॅक्युम पंप नाही आणि घेणं परवडणारं नाही. काम बाल्कनीत, मास्क लावून. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनचा विचार केलाय, घट्ट व्हायला दिवसभर लागला तरी चालेल, पण खुंटाची मान जेमतेम दीड मिलिमीटर आहे.

तर दोष उघडलेल्या बाटल्यांतल्या रसायनांनी ओढलेल्या ओलाव्याचा की ओतताना हवेतल्या दमटपणाचा, हे नवी बाटली न आणता कसं ओळखायचं? आणि इपॉक्सीचे इतके बारीक भाग साच्यातून काढताना तुटतात का?