इव्हेंट सेन्सरमधली प्रतिमा: कुलूप पिक्सेलला हवं की दाराला?

काठावरचा
मेंदूच्या धर्तीवरचे सेन्सर पूर्ण चित्र पाठवत नाहीत. उजेड बदलला की तेवढाच पिक्सेल बोलतो: जागा, वेळ, उजळलं की मंदावलं. ही एक नोंद म्हणजे एक इव्हेंट. म्हणून ‘यात चेहरा दिसतच नाही, लपवायचं काय?’ असं सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. निव्वळ इव्हेंटमधून करड्या छटांचा व्हिडिओ उभा करणारं ई-टू-व्हिड नेटवर्क २०१९ मध्येच आलं. तेव्हा संरक्षण हवंच. माझ्या मते चिपवरच, डेटा बाहेर पडायच्या दारात, आणि एईएस किंवा अ‍ॅस्कॉनसारख्या प्रमाणित सायफरनं, म्हणजे किल्लीनं डेटा गुप्त करणाऱ्या पद्धतीनं. पिक्सेलच्या पातळीवर पत्ते पिसणाऱ्या, म्हणजे पिक्सेलांच्या जागांचे क्रमांक आपापसांत बदलणाऱ्या योजना म्हणजे कुलूप नव्हे, पडदा.

पिक्सेलवादी
असहमत. पिक्सेलपासून सायफरपर्यंतचा रस्ता तुम्ही उघडाच ठेवताय. शिवाय सिनॅप्ससारखे (मेंदूतल्या पेशींच्या जोडांसारखे) प्रकाशसंवेदी घटक वापरले तर उजेड गेल्यावरही त्यांची वाहकता लगेच उतरत नाही. चित्र पिक्सेलमध्येच रेंगाळतं. दारातला एईएस त्याला काय करणार? मेमरिस्टरच्या (आधीचा प्रवाह लक्षात ठेवणाऱ्या रोधकाच्या) नैसर्गिक फरकांतून किल्ली काढली तर ती कुठे साठवावीही लागत नाही.

काठावरचा
रेंगाळणाऱ्या चित्राचा मुद्दा मान्य. वाचून झाल्यावर आणि वीज जाण्याआधी पुसणारा पल्स द्यायलाच हवा, आणि तेवढ्यापुरती ऊर्जा कपॅसिटरमध्ये राखून ठेवायला हवी.

पण पत्ते पिसणं बघा. १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल, पत्ता २० बिटांचा. अदलाबदल कायमची असेल तर सेन्सरसमोर २० नमुने चमकवायचे: क्रमांक ‘क’च्या नमुन्यात ज्यांचा ‘क’वा बिट १ आहे तेवढेच पिक्सेल उजळायचे. कुठले पिसलेले पत्ते बोलले ते टिपलं की अख्खा तक्ता हातात.

पिक्सेलवादी
कागदावर ठीक. लेन्समधून एकेका पिक्सेलवर नेमका उजेड पाडून दाखवा!

काठावरचा
नेमका कशाला? शेजारचे पिक्सेल जवळपास एकाच वेळी बोलतात. नुसती रहदारी ऐकून कोण कोणासोबत बोलतं याचा सहसंबंध काढला तरी शेजार जुळत जातो. दर काही मिलिसेकंदांनी नवी अदलाबदल हवी म्हणाल, तर तिला यादृच्छिक बिटांचा अखंड पुरवठा लागेल. म्हणजे सायफर आलाच की!

मापकाटा
मेमरिस्टरच्या किल्लीबद्दल: तापमान बदललं की काही बिट उलटतात. त्यासाठी त्रुटीदुरुस्ती आणि तिचा पूरक डेटा लागतो, आणि तो साठवावाच लागतो. तेच मेमरिस्टर न्यूरल नेटवर्कची वजनं (शिकलेले आकडे) धरायलाही वापरले तर वजनं बदलताना किल्ली गेली.

मात्र ‘दारात एईएस’ही फुकट नाही. वेग पुरतो: सेकंदाला १ कोटी इव्हेंट, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८० मेगाबाइट, १६ बाइटच्या ब्लॉकला घड्याळाची ११ आवर्तनं घेणारा साधा एईएस कोर १०० मेगाहर्ट्झवर सुमारे १४५ मेगाबाइट उरकतो. अडतं ते दृश्य शांत असताना. इव्हेंट एकत्र करून पाकिटानं पाठवतात; ५१२ इव्हेंटचं पाकीट भरायचं आणि सेकंदाला १००० च इव्हेंट येत असतील, तर अर्धा सेकंद वाट बघा. मायक्रोसेकंदांचा सेन्सर घेऊन! १ मिलिसेकंदाची मुदत घातली तर ८ बाइटच्या एकट्या इव्हेंटमागे १६ बाइटचा प्रमाणीकरण टॅग (डेटा खरा असल्याचा शिक्का) जातो.

आणि पाकिटांचा आकार चुगली करतोच. आत काय ते कळलं नाही तरी कोणी हललं कधी, हे इव्हेंटच्या दरावरूनच कळतं.

पिक्सेलवादी
हेच म्हणतोय! दर लपवायला भरताड (खोटे, जागा भरणारे) इव्हेंट सतत पाठवा, मग ऊर्जेची बचत कुठे राहिली? त्यापेक्षा चित्र बाहेर काढूच नका. २०२० मध्ये व्हिएन्नाच्या गटानं २७ फोटोडायोडांच्या सेन्सरमध्येच वर्गीकरण करून दाखवलं. बाहेर आलं ते फक्त उत्तर.

काठावरचा
९ पिक्सेलांचा सेन्सर होता तो, आणि कामही ठरलेलं. काम एकच असेल तिथे तुमचा मार्ग उत्तम, वादच नाही. पण कच्चे इव्हेंट हवेत तिथे भरताड फक्त पहाऱ्याच्या वेळी चालू ठेवता येतं.

मापकाटा
जाता जाता, प्रत्यक्षात बहुतेकदा फसतं ते नॉन्समध्ये, म्हणजे दर पाकिटाला एकदाच वापरायच्या आकड्यात; तो सहसा काउंटरवरून घेतात. हे सेन्सर वारंवार झोपतात-उठतात. उठल्यावर काउंटर शून्यावर गेला आणि किल्ली तीच राहिली, तर एईएस-जीसीएममध्ये (गुप्तता आणि टॅग एकत्र देणाऱ्या एईएसच्या पद्धतीत) दोन पाकिटांच्या मूळ मजकुरांचा एक्सॉर (बिट कुठे वेगळे ते) उघडा पडतो, वर टॅगची गुप्त किल्ली निघून खोटे इव्हेंटही घुसवता येतात. प्रत्येक जागरणाला नवी सत्र-किल्ली द्या, नाहीतर काउंटर कायमस्वरूपी मेमरीत ठेवा, तोही दर पाकिटाला न लिहिता मोठ्या टप्प्यांनी पुढे राखून. नाहीतर मेमरीच आधी झिजेल.