सहावा कॉन्स्टंटाइन: आईने संपवला की स्वतःच्या करणीने संपला?

जुनीबखर:
कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात जांभळ्या दगडाचं एक दालन होतं, राजघराण्यातल्या बाळंतपणांसाठी. बायझंटाइन सम्राट चौथ्या लिओचा मुलगा कॉन्स्टंटाइन ७७१ साली जन्मला आणि ऑगस्ट ७९७ मध्ये त्याच दालनात त्याचे डोळे काढले गेले. त्यामागे सख्खी आई, आयरीन. त्यामुळे सगळा दोष तिच्यावर जातो.

मला ते मान्य नाही. त्याला वाचवू शकणारी माणसं त्यानेच संपवली. ७९० मध्ये आयरीनने फौजांकडून शपथ मागितली, की मी जिवंत असेपर्यंत मुलाचं राज्य मानणार नाही म्हणा. आर्मेनियाकॉन प्रांताच्या फौजेने साफ नकार दिला. फौजेची समजूत काढायला पाठवलेल्या अलेक्सिओस मोसेले या अधिकाऱ्यालाच त्यांनी आपला सेनापती केलं. या फौजेच्या जोरावर एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती सत्ता आली.

पुढे काय केलं त्याने? सत्तेवरून दूर झालेल्या आईला ७९२ मध्ये मानाने परत आणलं. त्याच वर्षी मार्केलाईच्या लढाईत बल्गारांकडून सपाटून मार खाल्ला. काही तुकड्या काका निकेफोरोसला गादीवर बसवायच्या गोष्टी करू लागल्या, तेव्हा त्या काकाचे डोळे काढले, बाकी चार काकांच्या जिभा छाटल्या. आणि मोसेलेचेही डोळे! आर्मेनियाकॉन पेटून उठलं, तर हजारभर सैनिकांच्या तोंडावर शाईने ‘आर्मेनियाकॉनचा कटवाला’ असं गोंदवून त्यांना राजधानीत आणलं. मग ७९७ ला कोण धावून येणार होतं?

गोदाकाठ:
अजिबात पटलं नाही. बाप गेला तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या मुलीशी सोयरीक आईने जुळवली, आईनेच मोडली, आणि मारियाशी लग्नही तिनेच लावलं. ७९० मध्ये तिचा खास माणूस स्टाव्राकिओस याला हटवायचा त्याचा बेत फुटला, तेव्हा तिने या नावाच्या सम्राटाला मारलं आणि महालात डांबलं. हे तुम्ही गाळलंत. मोसेलेचे डोळे काढायची फूस आयरीन आणि स्टाव्राकिओसचीच होती, असं त्या काळचा इतिहासकार थिओफानेस लिहितो. तो स्वतः मठवासी, प्रतिमापूजा पुन्हा सुरू केल्याबद्दल आयरीनला मानणारा. तिच्या बाजूचा माणूस एवढं लिहितो!

जुनीबखर:
फूस कोणाचीही असो, हुकूम एकवीस वर्षांच्या सम्राटाचा होता. आणि ७९५ चं काय? मारियाला मठात धाडून आईच्या तैनातीतल्या थिओडोटेशी लग्न केलं. मठवासी खवळले, तर त्यांच्यातल्या प्लेटोला कोंडलं आणि थिओडोरला थेसालोनिकीला हद्दपार केलं. सैन्य तर आधीच गमावलं होतं, आता धर्मसत्ताही गेली.

पूर्वरंग:
‘कोण धावून येणार’ म्हणता, पण ७९७ चा वसंत बघा. तो अरबांवर चालून निघाला होता. विजय मिळाला तर आयरीनचं राजकारण आटोपलं, म्हणून स्टाव्राकिओसच्या माणसांनी टेहळ्यांना लाच दिली. ‘शत्रू पळाला’ अशी खोटी खबर आली आणि तो हात हलवत परतला. नंतर जीव वाचवून तो समुद्रापलीकडे गेला, तेव्हा त्याच्याभोवती फौज जमेल या धास्तीने आयरीन बिशपांना मध्ये घालून अभय मागायच्या विचारात होती. शेवटी तिने त्याच्याच सोबतच्या फितुरांना निरोप धाडला: त्याला माझ्या हवाली करा, नाहीतर तुमचं गुपित त्याला सांगते. त्यांनी त्याला धरून आणलं.

जुनीबखर:
माझा मुद्दा नेमका तोच आहे. जिवावर बेतलं तेव्हा त्याच्या अंगाशी सगळी आईची माणसं होती. तिच्या शपथेला नाही म्हणणारी माणसं त्याच्याकडे सात वर्षांपूर्वी होती. ती कुणी घालवली?